ट्रान्स ‘बाजारू’ झालं की ‘गल्लाभरू’?

प्रश्न असा आला आहे : “ट्रान्स या इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताच्या प्रकारावरच्या एका लेखाचं मराठी करतो आहे. मूळ लेखात ‘सुपरस्टार डीजे कल्चर’ आणि ‘कमर्शियलिझम’ हे शब्द ओळीओळीला येतात. मी ‘महातारांकित डीजे संस्कृती’ आणि ‘व्यापारवाद’ असं केलं, पण वाचताना दाताखाली खडा येतो. दुसरं काय सुचवाल?”

‘व्यापारवाद’ आधी काढून टाका. तो अर्थशास्त्राच्या पुस्तकातला शब्द आहे. निर्यात वाढवायची, आयात रोखायची आणि सोनं-चांदी आपल्या तिजोरीत आणायची, असं युरोपातल्या राज्यांचं एके काळी धोरण होतं, त्याचं ते नाव. ‘महातारांकित’ला तर पंचतारांकित हॉटेलचा वास येतो.

‘कमर्शियल’साठी मराठीत शब्दांची टंचाई मुळीच नाही. व्यावसायिक, व्यापारी, धंदेवाईक, बाजारू, विकाऊ, गल्लाभरू. अडचण आहे ती या प्रत्येक शब्दाचा आरोप वेगळा असल्याची. ‘व्यावसायिक’ तर आरोपच करत नाही. व्यावसायिक रंगभूमी म्हणजे हौशी आणि प्रायोगिक सोडून जी उरते ती, एवढंच आपण म्हणतो. ‘काम अगदी व्यावसायिक आहे’ ही तर शाबासकी झाली. त्यामुळे ‘सुपरस्टार डीजेंमुळे ट्रान्स व्यावसायिक झालं’ असं लिहिलंत, तर वाचक म्हणेल, बरं झालं की मग!

शिवाय ते वस्तुस्थितीला धरूनही नाही. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला फ्रँकफर्ट आणि बर्लिनमध्ये हे संगीत आकाराला आलं, तेव्हाही क्लबच्या दारावर तिकीट होतंच. फ्रँकफर्टची ‘आय क्यू’, बर्लिनची ‘एमएफएस’ या रेकॉर्ड कंपन्याच होत्या. स्वेन फेट, पॉल व्हॅन डाइक ही डीजे मंडळी काही धर्मादाय वाजवत नव्हती. ट्रान्स जन्मापासून व्यावसायिकच आहे, आणि त्याबद्दल कुणी तक्रार केलेली नाही. तक्रार आहे ती त्यानंतर जे झालं त्याबद्दल. तिथे मला ‘गल्लाभरू’ सगळ्यात नेमका वाटतो.

हा शब्द चित्रपट-परीक्षणांनी रुळवला. त्यात बनवणाऱ्याचा डोळा कुठे आहे हे कळतं आणि ठरलेल्या पाककृतीचाही सुगावा लागतो. १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धातल्या ट्रान्सची पाककृती अशी : मधेच बेस ड्रम काढून घ्यायचा, सुरावट एकटी अधांतरी ठेवायची, मग स्नेअर ड्रमचे ठोके दाट दाट करत न्यायचे, आणि जीव टांगणीला लागला की सगळा ताल एकदम खाली सोडायचा. वरून ‘सुपरसॉ’चा आवाज. रोलँड कंपनीच्या जेपी-८००० या सिंथेसायझरमध्ये करवतीच्या दात्यांसारख्या सात ध्वनिलहरी एकमेकींपासून किंचित बेसूर करून एकत्र वाजवायची सोय होती. एकच कळ दाबा, सभागृह भरून जातं. हे इतकं हमखास लागू पडायचं की जो तो तेच करू लागला. क्लबमध्ये आठ-नऊ मिनिटं उलगडणारा तुकडा रेडिओसाठी साडेतीन मिनिटांत कापून द्यायचा. १९९९ साली एटीबी या जर्मन डीजेचा असाच एक ट्रॅक ब्रिटनच्या विक्रीयादीत थेट पहिल्या क्रमांकावर गेला. याला गल्लाभरू म्हणा, खुशाल म्हणा. त्यात तिरस्कार नाही. गल्लाभरू सिनेमे आपण सगळेच आवडीने बघतो.

‘बाजारू’मध्ये मात्र तिरस्कारच आहे. तो शब्द हेतूबद्दल बोलत नाही, रुचीबद्दल बोलतो, आणि वापरणाऱ्याचं नाक थोडं वर असतं. मूळ लेखक तितका खवळलेला असेल तरच वापरा.

‘बाजारीकरण’ पुन्हा निराळं. बाजारूचं नाक त्याला नाही. ते प्रक्रियेचं नाव आहे, आणि या क्षेत्रात ते अगदी शब्दशः घडलं. अमेरिकेच्या एसएफएक्स या कंपनीने २०१३मध्ये नृत्यसंगीताचे महोत्सव भरवणाऱ्या कंपन्या आणि डीजे लोकांचं संगीत विकणारं ‘बीटपोर्ट’ हे संकेतस्थळ विकत घ्यायचा सपाटा लावला, त्याच वर्षी ती शेअर बाजारात उतरली आणि २०१६च्या फेब्रुवारीत तिने दिवाळखोरीचा अर्ज केला. याला ‘गल्लाभरूपणा’ म्हटलं तर शब्द तोकडा पडेल. तिथे बाजारीकरणच.

‘धंदेवाईक’ माणसाला आणि त्याच्या वृत्तीला चिकटतो. दुसऱ्याकडून पैसे देऊन ट्रॅक करून घ्यायचा आणि आपल्या नावावर काढायचा, हे या क्षेत्रातलं उघड गुपित आहे. त्यासाठी हा शब्द राखून ठेवा.

आता ‘सुपरस्टार डीजे कल्चर’. यातला ‘सुपरस्टार’ तसाच राहू द्या, तो केव्हाच मराठी झाला आहे. काढायचा आहे तो ‘संस्कृती’ शब्द. मूळ लेखातलं ‘कल्चर’ टोमणा मारतंय आणि आपली ‘संस्कृती’ पाट मांडून बसते. मराठीत याला नेमका शब्द आहे : स्तोम. जेवढं आहे त्याहून मोठं करून दाखवलं की त्याचं स्तोम माजतं. टीका सौम्य हवी असेल तर ‘प्रस्थ’. प्रस्थ असलेल्या माणसाचं वजन खरंही असू शकतं.

आणि ते होतंच. टिएस्टो या डच डीजेने २००३ साली नेदरलँड्समधल्या आर्नहेमच्या स्टेडियममध्ये एकट्याच्या नावावर सुमारे २५ हजार माणसं जमवली. पुढच्याच वर्षी अथेन्स ऑलिंपिकच्या उद्घाटनात खेळाडूंचं संचलन चाललं होतं ते त्याच्या संगीतावर. ‘डीजे मॅग’ या ब्रिटिश मासिकाच्या वाचककौलात २००२ ते २०१० अशी सलग नऊ वर्षं पहिला क्रमांक तिघांतच फिरला : टिएस्टो तीनदा, पॉल व्हॅन डाइक दोनदा, आर्मिन व्हॅन ब्यूरन चारदा. हे प्रस्थ झालं. पण कौलातल्या क्रमांकावर डीजेचं मानधन ठरू लागलं आणि मतांसाठी निवडणुकीसारखे प्रचार सुरू झाले, तेव्हा ते स्तोम झालं. क्लबमध्ये पूर्वी डीजे कोपऱ्यात असायचा आणि नाचणारे एकमेकांकडे तोंड करून नाचायचे. पुढे टेबल उंच मंचावर गेलं आणि सगळी गर्दी त्याच्याकडे तोंड करून उभी राहू लागली. ‘देव्हारे माजवणं’ हा वाक्प्रचार इथे चपखल बसतो, लेखात एकदा वापरून टाका.

उलट उदाहरण हवं असेल तर गोव्याच्या किनाऱ्यावरच्या पार्ट्यांत घडलेल्या गोवा ट्रान्सचं घ्या. तिथे सुरुवातीच्या काळात रेकॉर्डऐवजी डॅट (डिजिटल ऑडिओ टेप) कॅसेटवर संगीत वाजवलं जाई. त्या यंत्रावर वेग कमी-जास्त करून दोन तुकड्यांचे ठोके जुळवता येत नसत, त्यामुळे अख्खा ट्रॅक वाजू द्यायचा आणि पुढचा लावायचा. हातचलाखी दाखवायला वावच कमी.

‘डीजे’ या शब्दाकडे मात्र लक्ष ठेवा. मराठीत त्याचा अर्थ माणूस कमी आणि स्पीकरची भिंत जास्त झाला आहे. ‘रात्रभर डीजे वाजला’ यात वाजणारा माणूस नाही. म्हणून क्रियापद तपासून लिहा : ‘डीजे वाजवतो’ म्हटलं की माणूस, ‘डीजे वाजतो’ म्हटलं की यंत्रणा. अनेकवचनात घोळ होत असेल तर ‘डीजे मंडळी’ लिहा.

एकेरी की आदरार्थी, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण पुढे अडेलच. माझं मत एकेरीकडे आहे. मराठीत भीमसेन जोशी गातात, पण सचिन खेळतो. माणूस लाखोंचा लाडका झाला की आपण त्याला अरेतुरे करतो. टिएस्टो वाजवतात असं लिहिलंत तर तो सुपरस्टार राहणार नाही, बुजुर्ग होईल.

लेखात ‘कमर्शियल’च्या विरुद्ध बाजूला ‘अंडरग्राउंड’ येणार, आणि तुमचा हात ‘भूमिगत’कडे जाणार. भूमिगत म्हटलं की आपल्याला बेचाळीसचे कार्यकर्ते आठवतात, पोलिसांचा ससेमिरा चुकवणारे. बहुतेक ठिकाणी तो शब्द विनोदी होईल. एका जागी मात्र तो शोभेल. ब्रिटनमध्ये १९९४च्या फौजदारी न्याय कायद्याने उघड्यावर रात्री शंभर किंवा अधिक माणसं जमवून मोठ्याने संगीत लावणाऱ्यांना हुसकावण्याचा अधिकार पोलिसांना दिला, आणि ‘संगीत’ या शब्दाच्या व्याख्येत एकापाठोपाठ एक येणाऱ्या त्याच त्या ठोक्यांचाही समावेश केला. शेतातल्या आणि ओसाड गोदामांतल्या रात्री आटत गेल्या, गर्दी परवानाधारक मोठ्या क्लबांकडे वळली, आणि पोस्टरवर कुणाचं नाव आहे यावर तिकिटं खपू लागली. कायद्याआधीच्या त्या रात्रींसाठी ‘भूमिगत’ लिहा. बाकी ठिकाणी ‘अंडरग्राउंड’च ठेवलेलं बरं.