कानातला आवाज आणि दुरून येणारी ऊर्जा

प्रश्न : माझे वय ५६ आहे. गेल्या आठ महिन्यांपासून माझ्या डाव्या कानात रातकिडे किरकिरावेत तसा आवाज येतो. दिवसा कामात त्याचा विसर पडतो, पण रात्री अंथरुणाला पाठ टेकली की तो सुरू होतो. अलीकडे फोनही मी उजव्या कानाला लावू लागले आहे. एका मैत्रिणीच्या सांगण्यावरून महिन्याभरापासून दूरस्थ ऊर्जा उपचार घेत आहे. रोज रात्री साडेनऊला दिवे मालवून, दारे-खिडक्या लावून अर्धा तास शांत पडून राहायचे आणि त्या वेळी उपचारक त्यांच्या गावाहून ऊर्जा पाठवणार, अशी पद्धत आहे. झोप पूर्वीपेक्षा बरी लागते. दोन-तीनदा आवाज वाढला, तेव्हा 'आजार बाहेर पडतो आहे' असे त्यांनी सांगितले. कानाची तपासणी अजून केलेली नाही. पूरक उपचार म्हणून हे चालू ठेवावे का?

उत्तर : ऊर्जेकडे वळण्याआधी तुमच्या पत्रातल्या फोनच्या उल्लेखापाशी थांबतो. एका कानाने ऐकू येणे हळूहळू कमी होऊ लागले, तर ते बहुतेकांच्या लक्षातच येत नाही, कारण दुसरा कान ती उणीव भरून काढतो. मात्र फोन नकळत चांगल्या कानाकडे जातो. तुम्ही तो उजवीकडे नेला आहे आणि आवाज डावीकडे आहे. कानात साठलेला मळ, मध्यकर्णातला दोष किंवा अंतर्कर्णाची झीज यांपैकी काहीही त्यामागे असू शकेल, आणि क्वचित ऐकण्याच्या नसेवर वाढणारी, बहुधा कर्करोगाची नसलेली गाठही असू शकते. घाबरण्याचे कारण नाही, कारण अशी गाठ खरोखरच क्वचित आढळते. परंतु एकाच कानातला नाद तपासल्याशिवाय सोडून देऊ नये, हा नियम तिच्यामुळेच आहे. कान-नाक-घसातज्ज्ञांकडे जाऊन आधी कान पाहून घ्या आणि ऑडिओमेट्री, म्हणजे प्रत्येक कानाला किती ऐकू येते हे आलेखावर मांडणारी चाचणी, करून घ्या. दोन्ही कानांच्या आलेखांत लक्षणीय फरक दिसला, तर ते एमआरआय सुचवतील. रक्तदाबाची, वेदनाशामक किंवा इतर कोणतीही औषधे चालू असतील तर तीही त्यांना दाखवा, कारण मोठ्या मात्रेतल्या ॲस्पिरिनसारख्या काही औषधांनीही कान वाजू लागतात.

'पूरक' हा शब्द तुम्ही वापरला आहे, म्हणून विचारतो : पूरक कशाला? मूळ उपचार तर सोडाच, अजून निदानही झालेले नाही. आज तुमच्याकडे जे चालू आहे, तो नाव काहीही दिले तरी एकमेव उपचार आहे.

आता त्या अर्ध्या तासाविषयी. अंतर्कर्णात ध्वनी टिपणाऱ्या सुमारे १५,००० केशपेशी असतात आणि माणसात त्या एकदा नष्ट झाल्या की पुन्हा उगवत नाहीत. तिकडून येणारे संदेश कमी झाले की मेंदू आपली ग्रहणक्षमता वाढवतो. स्टेशन नीट लागत नसताना रेडिओचा आवाज मोठा करावा आणि खरखरही मोठी व्हावी, तसा काहीसा हा प्रकार असल्याचे आज मानले जाते. शांततेत ही खरखर उठून दिसते. १९५३ साली नेहमीसारखे ऐकू येणाऱ्या ८० जणांना ध्वनिरोधक खोलीत बसवले, तेव्हा त्यांच्यापैकी ९४ टक्के लोकांना कसला ना कसला आवाज ऐकू आला होता. तुम्हाला तर रोज दारे-खिडक्या लावून अशा शांततेत झोपवले जात आहे. आवाज वाढण्याला एवढेही कारण पुरते. त्यासाठी आजार बाहेर पडावा लागत नाही. कमी झाला तर गुण आला आणि वाढला तरी गुणच येतो आहे, असे सांगणाऱ्या उपचाराबाबत मी सावध होतो, कारण तो कधी चुकूच शकत नाही.

दुरून पाठवलेल्या ऊर्जेने कर्णनाद कमी होतो, याला भरवशाचा पुरावा नाही. हातांना दुसऱ्याची ऊर्जा जाणवते, असे म्हणणाऱ्या २१ उपचारकांची एमिली रोझा या शाळकरी मुलीने परीक्षा घेतली होती. पडद्याआड आपल्या कोणत्या हाताजवळ तिचा हात आहे, एवढेच त्यांनी ओळखायचे होते. २८० प्रयत्नांत त्यांची उत्तरे ४४ टक्के वेळा बरोबर आली, म्हणजे नाणे उडवले असते तरी बरे. हे निष्कर्ष १९९८ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

तुमची झोप सुधारली, यावर मात्र माझा पूर्ण विश्वास आहे. ठरलेली वेळ, मालवलेले दिवे, फोन बाजूला आणि कोणीतरी आपली काळजी वाहत आहे ही भावना, एवढ्यानेही शरीराचा ताण उतरतो. आणि ताण उतरला की आवाज तेवढाच असूनही त्याचा त्रास कमी होतो. शिवाय पहिल्या काही महिन्यांनंतर अनेकांचा मेंदू या नादाला सरावतो, आणि त्याचे श्रेय त्या वेळी जो उपचार चालू असेल त्याला मिळते.

खात्री करायची असेल तर घरच्या घरी एक प्रयोग करता येईल. घरातल्या कोणीतरी रोज नाणे उडवावे, आणि त्या रात्री ऊर्जा पाठवायची की नाही, हे तुम्हाला कळू न देता उपचारकांना कळवावे. तुम्ही मात्र रोज साडेनऊला पडून राहा आणि सकाळी त्रासाला शून्य ते दहा यांपैकी गुण वहीत लिहा. महिन्याने दोन्ही प्रकारच्या रात्री ताडून पाहा. उपचारकांनी याला नकार दिला, तर त्यातूनही तुम्हाला काही कळेलच.

तो अर्धा तास सोडू नका, फक्त खिडकी उघडी ठेवा किंवा पंखा मंद चालू ठेवा, म्हणजे नादाला सोबत मिळेल. ऐकू कमी येते असे तपासणीत ठरले, तर श्रवणयंत्राने बाहेरचे आवाज परत येतात आणि आतला नाद अनेकदा मागे पडतो. त्रासाची पकड सैल करण्यासाठी सर्वांत भक्कम आधार आहे तो बोधात्मक वर्तन उपचाराला, म्हणजे प्रशिक्षित मानसोपचारतज्ज्ञाबरोबर आवाजाविषयीचे विचार आणि सवयी बदलण्याला. २०२० साली वैद्यकीय संशोधन एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २८ चाचण्यांचा आढावा घेतला, तेव्हा या उपचाराने कर्णनादाचा जगण्यावरचा भार कमी होतो, असे दिसले. आवाज नाहीसा करण्याचा दावा तो करत नाही, आणि याच प्रामाणिकपणामुळे मला तो आवडतो.

दरम्यान डाव्या कानाने अचानक ऐकू येईनासे झाले, नाद नाडीच्या ठोक्याबरोबर येऊ लागला, गरगरू लागले किंवा चेहऱ्याची एक बाजू सैल पडली, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. अचानक आलेल्या बहिरेपणावर स्टिरॉइडचा उपयोग होतो तो पहिल्या काही दिवसांत. अशा दिवशी रात्रीच्या साडेनऊची वाट पाहू नका.