वाचकांचे प्रश्न : पान्यांना खणात जागा

प्रश्न : पलूसजवळ माझे विहिरीवरचे पंप आणि ट्रॅक्टर दुरुस्तीचे छोटे दुकान आहे. गेल्या वर्षी पाच खणांची लोखंडी पेटी घेतली. पण सगळे पाने एकाच खणात पडत असल्याने हवा तो पाना हुडकण्यातच वेळ जातो आणि कधीकधी एखादा पाना आडवा उभा राहून खण अडकतो. बाजारातील प्लास्टिकच्या पट्ट्या महाग आहेत आणि रिंग पाने त्यांत नीट बसत नाहीत. घरच्या घरी काही करता येईल का?
– एक वाचक, पलूस, जि. सांगली

उत्तर : करता येईल, आणि माझ्या मते बाजारातील पट्टीपेक्षा ते चांगले होईल, कारण आपल्या खणाचे आणि आपल्या पान्यांचे माप आपल्यालाच ठाऊक असते. करवत हातात घेण्यापूर्वी मात्र थोडा हिशेब करावा. आपल्याकडे सर्रास मिळणारा १२ दुतोंडी पान्यांचा संच ६×७ मिमी (दोन तोंडांची मापे) पासून ३०×३२ पर्यंतचा असतो. पान्याच्या डोक्याची रुंदी तोंडाच्या मापाच्या साधारण दुप्पट धरली, तर हे बारा पाने शेजारी शेजारी आडवे ठेवण्यास सुमारे ४४६ मिमी जागा लागते. बोटे जावीत म्हणून प्रत्येक दोन पान्यांत १० मिमी सोडल्यास ती ५५० च्या पुढे जाते. म्हणजे ५४० मिमी रुंदीच्या खणात एक संचही मावत नाही. तेच पाने कडेवर उभे केले की जागा निम्म्याने वाचते, आणि म्हणून खाचा पाडलेली लाकडी पट्टी हाच मला सर्वांत सरळ उपाय वाटतो.

त्यासाठी साधारण २० मिमी जाडीच्या दोन पट्ट्या घ्याव्यात. जुन्या दाराच्या चौकटीचे सुके सागवान मिळाले तर उत्तम, कारण सागातील तेलकटपणामुळे त्याला टेकलेले लोखंड सहसा गंजत नाही. बाभळीचे लाकूड सुतारमेटावर फुकट मिळाले तरी घेऊ नये. कातडी कमावण्यासाठी बाभळीची साल वापरतात ती तिच्यातील टॅनिनमुळे, आणि ओल लागली की तेच टॅनिन लोखंडाशी मिळून निळसर काळे डाग पाडते. एमडीएफच्या पट्ट्या दिसायला गुळगुळीत असतात, पण पाणी लागले की फुगतात. २०१९ च्या महापुरानंतर सांगलीतील एका ओळखीच्या गॅरेजात मी अशा पट्ट्यांचा अक्षरशः लगदा झालेला पाहिला आहे. त्याच पेटीतील सागवानी पट्टी पुसून पुन्हा वापरता आली.

दोन्ही पट्ट्या एकावर एक ठेवून वाइसमध्ये एकत्र धराव्यात आणि खाचा एकदमच कापाव्यात, म्हणजे समोरासमोरच्या खाचा आपोआप जुळतात. खाचेची रुंदी पान्याच्या दांडीच्या जाडीपेक्षा जेमतेम १ मिमी जास्त असावी. दोन खाचांमधील अंतर मात्र दांडीवरून नव्हे, डोक्याच्या जाडीवरून ठरवावे. डोके दांडीपेक्षा जाड असते हे विसरल्यामुळे पहिल्यांदा पट्टी करणाऱ्यांपैकी बहुतेकांचे काम वाया जाते, आणि त्यांत मीही आलो. डोक्याची जाडी अधिक ७-८ मिमी हे अंतर पुरते. दोन्ही बाजूंनी हॅक्सॉने काप घेऊन मधला तुकडा पटाशीने काढावा आणि खाचेचा तळ कानशीने साफ करावा.

उंचीचा प्रश्न राहतो. ३२ च्या तोंडाचे डोके सुमारे ६४ मिमी रुंद असते, त्यामुळे ६० मिमी उंचीच्या खणात तो पाना सरळ उभा राहणार नाही. खाच ४५ अंशांत तिरकी कापली की तोच पाना कलून बसतो आणि त्याची उंची ५०-५५ मिमीवर येते. तिरक्या खाचेला पट्टीवर जवळजवळ दीडपट लांबी लागते, म्हणून मोठ्या चार पान्यांपुरतीच तिरकी खाच ठेवून बाकीच्या सरळ ठेवल्या तरी चालते.

दोन पट्ट्यांमधील अंतर सर्वांत लहान पान्यावरून ठरवावे. मोठे पाने दोन्हीकडे बाहेर झुकले तरी मध्य साधलेला असल्याने पडत नाहीत. उलट अशा पान्याचे एक टोक दाबले की दुसरे वर येते आणि तो चिमटीत सहज सापडतो. पट्ट्या लगेच स्क्रूने पक्क्या करू नयेत. पंधरा दिवस दुतर्फी चिकटपट्टीवर ठेवून काम करावे, अडचणी कळू द्याव्यात आणि मगच भोके पाडावीत. स्क्रूचे डोके खणाच्या तळाशी बुडवून घ्यावे, नाहीतर खालच्या खणातील हत्यारे त्याला अडतात.

रिंग पान्यांना ही पट्टी लागू पडत नाही, कारण त्यांची डोकी दांडीपासून वाकवलेली असतात. ते एका कुशीवर, चमच्यांसारखे एकात एक बसवून, दोन टोकांना दोन ठोकळे लावले की झाले.

क्रम लहानाकडून मोठ्याकडेच असावा. नेहमीचे पाने हाताशी हवेत म्हणून काही जण १०, १३, १७ आणि १९ वेगळे काढतात. ६, ८, १० आणि १२ मिमी बोल्टना अनुक्रमे तेच लागतात हे खरे. पण नव्या मानकाच्या १० आणि १२ मिमी बोल्टना १६ आणि १८ लागू लागले आहेत, शिवाय एकदा क्रम मोडला की हाताला सवय लागत नाही. इंची पाने मात्र वेगळ्या खणात ठेवावेत. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिमी; १३ चा पाना त्या नटावर चढतो, जोर लावल्यावर घसरतो आणि कोपरे गोल करतो. जुन्या इंजिनांचे व्हिटवर्थ (जुन्या ब्रिटिश मापाचे) पाने तर आणखी फसवे, कारण त्यांच्यावरचा आकडा तोंडाचा नसून बोल्टच्या व्यासाचा असतो.

प्रश्न : आमच्याकडे पावसाळ्यात हत्यारांना लगेच गंज चढतो. पान्यांच्या आकाराचे खड्डे कापलेला फोम खणात घालावा की चुंबकी पट्टी लावावी?
– एक वाचक, सातारा

उत्तर : चुंबकी पट्टीच्या विरुद्ध माझे मत ठाम आहे. तिच्यावर राहिलेले पाने स्वतःच थोडे चुंबकी होतात आणि लेथ किंवा ग्राइंडरचा कीस ओढून घेतात. तो कीस पुढे बेअरिंगच्या तोंडाशी पोहोचला तर नुकसान कोणाचे, हे सांगावयास नको. फोमबाबत प्रकार पाहावा लागेल. गादीचा फोम स्पंजासारखा पाणी आणि तेल धरून ठेवतो, त्यामुळे पाना खालच्या अंगाने गंजतो. चपलांच्या तळव्यासाठी वापरतात तो ईव्हीए बंद पेशींचा असल्याने पाणी पीत नाही. घ्यायचा तर तोच घ्यावा. काळ्याखाली पिवळा किंवा लाल थर ठेवल्यास रिकामा खड्डा लांबून दिसतो आणि इंजिनवर पाना विसरला असेल तर पेटी बंद करतानाच लक्षात येते. मात्र नवा पाना आला की फोमचा सगळा आराखडा बिघडतो, खाचांच्या पट्टीत तसे होत नाही. पाने पातळ तेलाच्या फडक्याने पुसून ठेवावेत. इंजिनमधून काढलेले जुने तेल त्यासाठी वापरू नये, त्यात आम्ल उतरलेले असते.

प्रश्न : वाया गेलेल्या पीव्हीसी पाइपचे तुकडे गरम करून पट्ट्या केल्या तर चालेल का? आकडे कशाने लिहावेत?
– एक वाचक, कराड

उत्तर : चालेल. पीव्हीसी ८० अंशांच्या आसपास मऊ होते, त्यामुळे गरम हवेची बंदूक पुरे. ज्योतीवर धरू नये, कारण जळताना निघणारा हायड्रोक्लोरिक आम्लाचा धूर छातीला वाईट आणि तेथेच पडलेल्या पान्यांनाही. आकडे ऑइल पेंटने लिहावेत, आणि पान्याखाली झाकले जातील अशा जागी नव्हे, तर पट्टीच्या पुढच्या अंगावर. मार्करची शाई तेलकट हाताने आठवड्यात पुसली जाते.