गरम झाल्यावर गाडी बंद पडते? टॅपेट कानाने नको, गेजने लावा

तुमचं सगळं वर्णन वाचलं. १०० सीसीची गाडी, ३८ हजार किमी झालेली. टॅपेट (व्हॉल्व्ह म्हणजे इंजिनाची झडप, ती दाबणाऱ्या दांड्याच्या टोकाचा स्क्रू) वाजत होते म्हणून दुपारी गॅरेजला नेली, मेस्त्रींनी इंजिन गरम असतानाच स्क्रू आवळून दिले आणि आवाज गेला. पण आता जुळे सोलापुरातून अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत पोचेपर्यंत रेस सोडली की गाडी बंद पडते, आणि गरम असताना पाच-सहा किका घेते. सकाळी मात्र एका किकेत चालू होते. कार्बोरेटर साफ करून झाला, प्लग बदलून झाला, फरक नाही. टॅपेट घरी लावता येतील का, असं तुम्ही विचारलंय.

येतील. आणि माझ्या मते तुमचे टॅपेट गरजेपेक्षा टाईट झालेत, त्यामुळे हे काम पुढच्या रविवारवर ढकलू नका.

आपल्याकडे टॅपेटचा आवाज आला की गाडी बिघडली आणि आवाज गेला की सुधारली, असं धरून चालतात. प्रत्यक्षात टॅपेट थोडा लूज असेल तर टिकटिक होते, व्हॉल्व्ह किंचित कमी उघडतो, फार दिवस तसाच ठेवला तर रॉकर (व्हॉल्व्ह दाबणारा दांडा) आणि कॅम (रॉकरला ढकलणारा उंचवटा) झिजतात. टाईट टॅपेट आवाज करत नाही, पण तो व्हॉल्व्ह जाळतो. एग्झॉस्ट व्हॉल्व्ह, म्हणजे जळालेला गॅस बाहेर सोडणारा, सातशे अंशांच्या आसपास तापतो. ती उष्णता त्याला मुख्यतः एकाच वाटेने बाहेर टाकता येते, सीटवर (व्हॉल्व्ह टेकतो त्या कड्यावर) घट्ट बसून, सीटमधून हेडमध्ये, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागात. टॅपेट आणि व्हॉल्व्ह यांच्यात गॅपच उरला नाही तर तापून लांब झालेला व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही. मग कॉम्प्रेशन (सिलेंडरमधला दाब) निसटतं आणि जळता गॅस त्या फटीतून जात व्हॉल्व्हची कड खात राहतो. थंड असताना व्हॉल्व्ह बसतो, गरम झाला की बसत नाही. तुमची गाडी सकाळी एका किकेत आणि दुपारी सहा किकांत, ते यामुळेच.

शिवाय वापराने गॅप वाढतच जातो असंही नाही. व्हॉल्व्ह सीटमध्ये हळूहळू रुतत जातो तसा गॅप कमी होतो. म्हणून आवाज नसतानाही माप घ्यावं लागतं.

मी यंत्रमागावर जॉबर म्हणून, म्हणजे माग दुरुस्त करून चालते ठेवण्याच्या कामात, बरीच वर्षं काढली. मागाचा आवाज बदलला की कुठे ढिलं झालंय ते कानाला कळतं, म्हणून टॅपेटही कानानेच लावायचो. सात-आठ वर्षांपूर्वी उन्हाळ्यात दुपारी असेच आवळले. गाडी इतकी शांत झाली की शेजाऱ्यांनी विचारलं, काय केलंत मालक? दीड महिन्याने तुळजापूरच्या घाटात गाडीने ओढ सोडली. हेड उघडलं तेव्हा एग्झॉस्ट व्हॉल्व्हच्या कडेला नखाएवढा तुकडा जळून गेला होता. कानाला लूज कळतं, टाईट कळत नाही, हे मला त्या दिवशी पटलं.

आता इंजिन थंड असण्याबद्दल, कारण सोलापुरात हीच गोष्ट अवघड आहे. होंडाच्या मॅन्युअलमध्ये थंड इंजिन म्हणजे ३५ अंशांच्या खाली, असं दिलेलं असतं. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये सावलीतही पारा चाळिशी ओलांडतो. दुपारी चार तास बंद ठेवलेली गाडीसुद्धा त्या अर्थाने थंड नसते. हेड ॲल्युमिनियमचं, व्हॉल्व्ह पोलादाचा. दोन्ही वेगवेगळे फुगतात, त्यामुळे तेव्हा घेतलेल्या मापाला अर्थ नाही. गाडी रात्रभर उभी ठेवा, पत्र्याच्या शेडखाली नको, आणि पहाटे साडेपाचला कामाला बसा. किक मारून बघायचा मोह टाळा.

माप आपल्या मॉडेलच्या मॅन्युअलमधूनच घ्या, दुसऱ्याच्या गाडीचं नको. छोट्या इंजिनांना ते मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत असतं. झेरॉक्सचा कागद साधारण ०.१ मिमी जाड असतो, त्याच्या निम्म्या जाडीपर्यंतही गॅप असू शकतो. एग्झॉस्ट जास्त तापतो म्हणून बऱ्याच गाड्यांना त्याचा गॅप इनलेटपेक्षा (पेट्रोल-हवा आत घेणाऱ्या व्हॉल्व्हपेक्षा) मोठा दिलेला असतो. बारीक पात्यांचा फिलर गेज (गॅप मोजायची ठरावीक जाडीची पाती) घ्या. त्यात ०.०५ चं पातं आहे ना, ते दुकानातच बघा. मोटारीसाठीच्या काही गेजमध्ये ते नसतं.

गाडी मेन स्टँडवर, चावी बंद, न्यूट्रलमध्ये. प्लग काढा म्हणजे इंजिन हलकं फिरतं, आणि त्या भोकावर स्वच्छ फडकं ठेवा. आपल्याकडच्या धुळीत टॅपेट कॅपभोवती मातीचा थर बसलेला असतो, तो ब्रशने काढल्याशिवाय कॅप उघडू नका. मग दोन्ही टॅपेट कॅप आणि इंजिनाच्या बाजूच्या मॅग्नेट कव्हरवरच्या दोन्ही कॅप काढा. मधल्या भोकातून नटाला पाना लावून इंजिन चालताना फिरतं त्याच दिशेने सावकाश फिरवा आणि वरच्या छोट्या भोकात बघत राहा.

इथे घाई नको. आतल्या चाकावर आधी एफ ची खूण येते, ती ठिणगी पडण्याच्या वेळेची. तिच्यावर थांबू नका. त्यानंतर टी ची रेघ येते, ती कव्हरवरच्या खाचेसमोर आणा. आता दोन्ही रॉकर बोटांनी हलवून बघा. दोन्ही किंचित खुळखुळले तर पिस्टन कॉम्प्रेशनच्या टोकाला आहे. नाही हलले तर पूर्ण एक फेरा आणखी द्या, पुन्हा टी वर या, पुन्हा हलवा. तुमचा एग्झॉस्ट फार टाईट असेल तर तो दोन्ही वेळा घट्टच लागेल. तेव्हा इनलेट ज्या फेरीत मोकळा असेल ती धरा.

सेटिंगआधी आत्ताचं माप घ्या. कार्बोरेटरच्या बाजूचा इनलेट, सायलेन्सरच्या बाजूचा एग्झॉस्ट. कुठलं पातं जातं आणि कुठलं जात नाही, दोन्ही आकडे लिहून ठेवा.

सेटिंग करताना लॉकनट रिंग पान्याने ढिला करा, योग्य पातं मध्ये सरकवा आणि स्क्रू हळू फिरवा. हे आटे फार बारीक असतात. पिच अर्ध्या मिमीचा धरला तर ०.०५ मिमीसाठी एका फेऱ्याचा दहावा भाग पुरतो, म्हणजे घड्याळाचा मिनिट काटा सहा मिनिटांत सरकतो तेवढाच. पातं ओढताना पावतीपुस्तकातला कार्बन पेपर पानांवर थोडा हात ठेवून ओढल्यासारखं लागलं पाहिजे. अडकायला नको, सुळकन निघायलाही नको.

खरी चूक होते ती यानंतर. लॉकनट आवळताना स्क्रूही त्याच्याबरोबर फिरतो आणि आत्ता बरोबर लावलेला गॅप खाऊन टाकतो. एका हाताने स्क्रू धरून ठेवा, दुसऱ्याने नट आवळा, आणि आवळल्यावर पातं पुन्हा घाला. मला अजूनही कधी कधी तीनदा करावं लागतं. योग्य पातं गेलं आणि त्यापुढचं जाड पातं गेलं नाही, की झालं. नट छोटा आहे, जोर लावून त्याचे आटे घालवू नका. कॅपच्या ओ-रिंग कडक झाल्या असतील तर नव्या घाला, नाहीतर ऑइल गळत राहील. प्लग आधी हातानेच फिरवून बसवा.

गाडी आता थोडी टिकटिक करेल. करू द्या. मात्र रेस सोडताना खळखळ येत असेल तर ती टॅपेटची नाही, टायमिंग चेनची आहे. आधी वाजत होती तीही बहुधा तीच असेल, तेवढं एकदा ऐकून बघा.

नंतर वीस-पंचवीस किमी सलग चालवा, बंद करा आणि पाच मिनिटांनी किक मारा. लगेच चालू झाली आणि आयडलला टिकली तर व्हॉल्व्ह वाचलाय. हजारेक किमीनंतर पुन्हा एकदा माप घ्या. गॅप बरोबर असूनही गरम असताना तशीच त्रास देत असेल, किंवा हजार किमीतच पुन्हा टाईट झाली असेल, तर व्हॉल्व्ह किंवा सीट खराब झालंय. मग कॉम्प्रेशन तपासून हेडचं काम करावं लागेल, ते घरी नको.

सेटिंगआधी लिहिलेले दोन्ही आकडे इथे टाका. एग्झॉस्टमध्ये सगळ्यात बारीक पातंही जात नसेल तर गाडी चालवून बघण्याआधीच सांगा, मग पुढचं ठरवू.