वेताच्या जुन्या खुर्चीला घरीच रंग देता येईल का?

येईल, पण आधी तिच्यावर पाण्याचा थेंब टाकून बघा. थेंब मोत्यासारखा तसाच राहिला तर वर जुनं वार्निश आहे किंवा वेताची मूळ चकचकीत साल. दोन्हींत रंग मुरत नाही. परभणीच्या आमच्या घरी मी वेताच्या झोपाळ्याला घाईत तसाच रंग मारला. आठवड्यात नुसतं बोट लावलं तरी पापुद्रे निघायला लागले. म्हणून 220 नंबरच्या पॉलिश पेपरने हलक्या हाताने घासा, विणीतली धूळ जुन्या टूथब्रशने काढा. मग लाकडाच्या स्टेनचे, म्हणजे आत मुरणाऱ्या रंगाचे, पातळ दोन हात, फडक्याने. साल असेल तिथे रंग फिकाच बसेल, हे धरून चाला. वाळवायचं मात्र सावलीतच! आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात वेत कडक होतो आणि वीण तडकते. शेवटी वार्निशचा एक हात द्याच, नाहीतर रंग कपड्यांना लागतो.