शिलाँगच्या 'तीर' खेळात आकडा कसा निघतो, आणि संकेतस्थळांवर आधीच दिले जाणारे आकडे खरे असतात का?

नोकरीनिमित्त काही काळ शिलाँगमध्ये राहिल्यामुळे तिरंदाजीवर पैसे लावण्याचा हा खेळ मी पोलो मैदानावर अनेकदा पाहिला आहे, त्यामुळे आपल्या प्रश्नाच्या दोन्ही भागांचे उत्तर देतो.

खासी हिल्स आर्चरी स्पोर्ट्स असोसिएशनशी संलग्न मंडळांचे साधारण पन्नास तिरंदाज रविवार वगळता रोज दुपारी अर्धवर्तुळात उकिडवे बसतात आणि समोर उभ्या केलेल्या गवताच्या गोल भाऱ्यावर ठरावीक वेळेत बाण सोडतात. धनुष्य बांबूचे असते आणि त्याची दोरीसुद्धा बांबूच्या चिरफळीची असते. वेळ संपली की भाऱ्यात रुतलेले बाण उपसून, दहा-दहा करून, सर्वांसमोर मोजले जातात. जमिनीवर पडलेले बाण हिशेबात धरत नाहीत. एकूण संख्येचे शेवटचे दोन अंक म्हणजे त्या फेरीचा आकडा, म्हणजेच ६४७ बाण रुतले तर ४७ आणि ५०३ रुतले तर ०३. पहिली फेरी पावणेचारच्या सुमारास होते आणि दुसरी त्यानंतर साधारण तासाभराने.

आपल्याकडच्या मटक्यातील ओपन, क्लोज आणि जोडी ज्यांना ठाऊक आहे, त्यांना पुढचा भाग ओळखीचा वाटेल. फरक इतकाच की मटका बेकायदेशीर आहे, तर तीरला मेघालयात १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपासून कायद्याची मान्यता असून त्यावर कर घेतला जातो. शहरभर पसरलेल्या लहान लाकडी टपऱ्यांवर ०० ते ९९ यांपैकी आकडा लावता येतो. रुपयाला पहिल्या फेरीत ८०, दुसऱ्या फेरीत ६० आणि दोन्ही फेऱ्यांचे आकडे जुळल्यास, म्हणजे जोडी लागल्यास, ४,००० रुपये मिळतात.

हा हिशेब मात्र लावणाऱ्याच्या बाजूचा नाही. शंभर आकड्यांतला एक बरोबर येण्याला शंभर रुपये मिळाले असते तर व्यवहार समसमान झाला असता. येथे पहिल्या फेरीत सरासरीने रुपयामागे २० पैसे जातात, दुसरीत ४० आणि जोडीत, जिथे दहा हजारांत एक शक्यता असते, तब्बल ६० पैसे. ज्या बक्षिसाचे आकर्षण सर्वांत मोठे, त्यातच तोटा सर्वाधिक आहे. नेमबाजीचे कौशल्य तिरंदाजाचे असते, पैसे लावणाऱ्याचे नव्हे.

तरीही आकडा निवडताना लोक स्वप्नांचा आधार घेतात, कारण कोणते स्वप्न पडले तर कोणता आकडा, याचे संकेत तेथे पिढ्यान्‌पिढ्या रूढ आहेत. आमच्या घरमालकीणबाई सकाळी चहा देताना आधी स्वप्न विचारत आणि आकडा हुकला की स्वप्नाला नव्हे, स्वतःच्या अर्थ लावण्याला दोष देत.

आता संकेतस्थळांविषयी. कालचे निकाल तेथे पाहायला हरकत नाही, परंतु 'आजचा खात्रीचा आकडा' म्हणून जे दिले जाते ते निव्वळ अंदाज असतात, कारण बाण सुटून मोजणी होईपर्यंत आकडा अस्तित्वातच नसतो. त्यासाठी कोणी आगाऊ पैसे मागत असेल, तर ते देऊ नयेत.