शिट्टी गळ्यात घालण्याआधी

अरे, रग्बी खेळणं सुटून कोच झालास म्हणून हळहळू नकोस. भाट्याच्या पुळणीवर दहा पोरं जमली की तुझं काम सुरू. ओहोटी बघून ओल्या, घट्ट वाळूवर उतरव. भुसभुशीत वाळूत घोटे मुरगळतात.

नवे कोच पहिल्याच दिवशी टॅकल, म्हणजे बॉल घेऊन पळणाऱ्याला धरून पाडणं, शिकवतात. मीही तेच केलं, आणि एका पोराची आई महिनाभर माझ्याशी बोलली नाही! आधी पंधरवडाभर नुसतं टच रग्बी, म्हणजे पाडायचं नाही, फक्त हात लावायचा. हाताने पास पुढे द्यायचा नाही, हे अंगात भिनू दे. मग टॅकल, तोही गुडघ्यावर बसून:

- पकड खांद्याच्या खाली
- डोकं समोरच्याच्या पाठीकडे, पोटापुढे कधीच नाही

कबड्डीची पोरं पाय धरायला झेपावतात, त्यांच्यावर लक्ष ठेव. स्क्रम-बिरम, म्हणजे दोन्ही संघांनी खांदे भिडवून रेटणं, ते नंतर बघू. आणि स्वतः मध्ये घुसून खेळू नकोस. माझी ही खोड सुटायला दोन वर्षं लागली.