सुती टेबलक्लॉथच्या दुमडीवर हाताने कोणती नक्षी घालावी?

टेबलक्लॉथ साध्या विणीच्या पांढऱ्या सुती कापडाचा आहे आणि मशीन न लावता त्याची किनार शोभिवंत करायची आहे, असे तुम्ही लिहिले आहे. अशा कापडाला मी धागे काढून केलेली जाळीची हेम (म्हणजे दुमडून शिवलेली किनार) सुचवेन, कारण तिच्यात दुमड पक्की करणारा टाकाच नक्षीही उमटवतो. काजटाका, म्हणजे काजाच्या कडेला घालतात तसा फास घेत जाणारा टाका, लवकर होतो हे खरे, परंतु त्याचे लांब टाके धुताना अडकून ओढले जातात.

कापड आधी धुऊन, आटवून इस्त्री करून घ्यावे. दुमड अडीच सेंटीमीटर ठेवायची असेल, तर कडेपासून साडेपाच सेंटीमीटरवर, कडेला समांतर असलेला एक धागा सुईच्या टोकाने उचलून अलगद ओढावा आणि त्याच्या शेजारचे आणखी तीन-चार धागे काढावेत. मात्र हे धागे काठापर्यंत न काढता, कोपऱ्यात दोन्ही बाजूंच्या ओळी जिथे मिळतात तिथेच थांबावे आणि सुटी टोके दुमडीत दडवावीत. मग कड अर्धा सेंटीमीटर आत वळवून दुमड बरोबर त्या मोकळ्या पट्टीला भिडेल अशी धावदोऱ्याने टाचावी.

आता कापडाची उलटी बाजू वर ठेवून डावीकडून उजवीकडे जावे. बोथट टोकाच्या सुईने पट्टीतले चार उभे धागे उजवीकडून डावीकडे उचलून दोरा ओढला की त्यांची जुडी बांधली जाते. त्याच जुडीमागून सुई पुन्हा नेऊन दुमडीच्या कडेतले एक-दोन धागे घेत वर काढावी. दोरा कापडाच्या धाग्याइतकाच बारीक हवा. सहापदरी भरतकामाच्या दोऱ्याचा एक पदर बहुधा पुरतो, आणि जाड दोऱ्याने जाळी बुजून जाते. ओढ सर्वत्र सारखी राखणे हेच यातले खरे कौशल्य आहे, बाकीचे काम धागे मोजण्याचे.

पट्टीच्या दुसऱ्या कडेलाही त्याच जुड्या बांधल्या, तर शिडीसारखी जाळी तयार होते. ही दुसरी कड बांधताना प्रत्येक जुडीतले दोन आणि शेजारच्या जुडीतले दोन धागे एकत्र घेतल्यास नागमोडी नक्षी येते. मला ही दुसरी अधिक आवडते. कोपऱ्यात जो चौकोनी झरोका उरतो, त्याच्या कडा बारीक काजटाक्याने बांधाव्यात, नाहीतर तिथूनच कापड उसवू लागते.